लाडकुंवरची अठ्ठाई

५ ऑगस्ट
माझे, माणकचंदचे, दुकान वायद्याच्या सट्ट्यात बुडाले, असे दाणाबाजार म्हणतो. बुडाले नाही, अडकले आहे. मोबाइलवर दोन दिवस चांगले गेले की शटर उघडतो. बायकोचे दागिनेही न विचारता विकले, पण तिच्याच भल्यासाठी. निश्चय : टेन्शन घ्यायचे नाही. बायको लाडकुंवर मात्र कालपासून ताट बाजूला सारते. नाटक.

६ ऑगस्ट, सकाळी
प्रेमराज वसुलीला आला. तोंडातून निघून गेले, हळू बोला शेठ, हिची अठ्ठाई चालू आहे, आठ दिवस फक्त उकळलेले पाणी. त्याने हिला हात जोडले आणि पैशाचा शब्द न काढता गेला! डोके चालते अजून.

८ ऑगस्ट
अख्खी गल्ली दर्शनाला. दुकान होते तेव्हाही एवढा मान नव्हता. लाडकुंवर रात्रभर जागी, दिवसभर भिंतीकडे तोंड. तपस्येत असे होते.
जिनल ओरडली, पप्पा, हा उपवास नाही, मम्मीला घास गिळवत नाही, डॉक्टरकडे चला. कॉलेजात जाऊन पोरीचे संस्कार गेले. तिने आईला बळेच बिस्किट भरवले. नशीब, दार लावलेले होते.

१० ऑगस्ट
पारण्याला सत्कार ठरला. पाकिटे येतील. ती वायद्यात टाकायची. हिला विचारले, उपवास महिनाभर खेचतेस का? तिने डोक्यावरून पांघरूण ओढले. विचार करत असावी.

१२ ऑगस्ट
साध्वीजी घरी आल्या, मागे सगळा जैन संघ. विचारले, बाई, उपवासाचे व्रत कोणाकडून घेतले? ही आठवड्यात पहिल्यांदा बोलली. म्हणाली, व्रत नाही महाराजसाहेब. यांनी माझे दागिने विकले तेव्हापासून जेवण जात नाही. जगावेसेच वाटत नाही.
एवढ्या लोकांत! पाकिटे झाल्यावर बोलली असती तर?
साध्वीजी म्हणाल्या, हिला आधी दवाखान्यात न्या. हिचा भाऊ पारस धुळ्याहून सत्काराला आला होता. त्याने हिला उचलून गाडीत घातले. जिनलही बसली. मला म्हणाला, जीजाजी, तुम्ही येऊ नका. गाडीत जागा नसावी.

१४ ऑगस्ट
धुळ्याला तिला दाखल केले आहे. फोनवर यायला नाही म्हणते. अशक्तपणा.
आजपासून मीच अठ्ठाई धरली. स्वयंपाकाला कोणी नाही म्हणून नव्हे.

दुपारी
प्रेमराज आला. त्याला सांगितले, तपस्या चालू आहे. म्हणाला, मग तुला फ्रिज कशाला लागतो? हमालांनी आतले दूध ओट्यावर ठेवले आणि फ्रिज नेला.
दूध नासले असते. म्हणून प्यालो.