घाम, पापणी, जीभ आणि मावशीचा फौजदार

मिनास, १२ नोव्हेंबर

तीर्थरूप झुल्मा मावशीस,

भाचा वाल्देमार याचा लांबूनच वाकून नमस्कार. (लांबूनच का, ते पुढं येईल.) तुझा गुडघा कसा आहे? माझी तब्येत ठणठणीत आहे, आणि तसा शिक्क्याचा कागदही माझ्याकडं आहे. दर एकोणतीस तारखेच्या रिवाजाप्रमाणे तुझ्या हातच्या बटाट्याच्या न्योकी खायला मी दोन महिने आलो नाही म्हणून तू तोंड फुगवून बसली आहेस, असं कानावर आलं. एकदा दाढ आणि एकदा बायकोची आत्या अशी कारणं मी कळवली होती. त्यातली दाढ खरी होती.

खरं कारण तुझा फौजदार. राखणीला लोक कुत्रा पाळतात, तू टिटवा पाळलास, आणि नावही शोभेसं ठेवलंस. सप्टेंबरात मी पाण्याचं मीटर वाचायला तुझ्या अंगणात वाकलो, तेव्हा शेजारच्या गवतात त्याच्या बायकोची चार अंडी आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या पंखांना काटे असतात हेही मला त्याच दिवशी कळलं, टकलावर. तेव्हापासून तुझं हिरवं फाटक दिसलं की माझी मान आपोआप खांद्यात जाते. परवा बाजारात फौजदारासारख्या करड्या टोपीची एक बाई समोर आली, तर मी चक्क खाली बसलो. "काही हरवलं का हो?" तिनं विचारलं. मी म्हणालो नाणं, आणि ती भली बाई अर्धा तास माझ्याबरोबर नाणं शोधत राहिली.

ही गोष्ट पाणी-कचेरीतल्या ओलास्कोआगा साहेबांपर्यंत गेली. "एकोणीस वर्षं दारोदार फिरलास आणि पाखराला भितोस? मोन्तेविदेओला जा, तिथं भीती मोजतात म्हणे. भीत नाहीस असा दाखला आण, नाहीतर उद्यापासून तक्रारखिडकीत बस!" मावशी, त्या खिडकीत सगळं गाव येऊन आईबाप काढतं आणि आत पाय पसरायलाही जागा नसते. चालणं हेच माझं सगळं आहे. ते गेलं तर मी खचेन, हे मी थट्टेनं लिहीत नाही.

तर गेलो. तिथल्या डॉक्टर बास्सागोदाबाई आपल्या पोरीच्या वयाच्या. त्यांनी डाव्या बोटांना घाम मोजायच्या तारा लावल्या, डोळ्याखाली पापणीची उडी मोजणारी चिकटपट्टी लावली, आणि तोंडानं मी शून्य ते शंभरात किती भितो ते सांगायचं. पडद्यावर निळं वर्तुळ आलं की कधीकधी मनगटाला विजेचा चिमटा, पिवळ्याला काही नाही. मधूनच कानात धाडकन आवाज, पापणी किती दचकते ते बघायला. सुरुवातीलाच घामाचा काटा वेडावाकडा नाचू लागला. बाई घाबरल्या, मग त्यांचं लक्ष गेलं. "डॉन वाल्देमार, बगलेतला थर्मास खाली ठेवा!" आता शहाण्या माणसाच्या डाव्या बगलेत थर्मास नसेल तर तो हात ठेवायचा कुठं? थर्मासातल्या गरम माते-चहाचा घोटही न घेता मी दोन तास बसलो, मावशी. खरा छळ तो, चिमटा नव्हे.

निकाल ऐक. घाम म्हणाला, हा निळ्यालाही भितो आणि पिवळ्यालाही. पापणी म्हणाली, फक्त निळ्याला. जीभ म्हणाली, शून्य. (समोर पोरगी बसलेली, दुसरं काय म्हणणार?) माझा संताप झाला. एका घराला तीन मीटर आणि तिन्हींचे आकडे वेगळे, असं मी लिहून आणलं असतं तर लोकांनी मला जोड्यानं मारलं असतं. मी म्हणालो, "बाई, यातलं बिघडलेलं कुठलं ते सांगा, बदलून टाकू." त्या हसल्या. "एकही नाही. घामाला फक्त काहीतरी होणार एवढंच कळतं, बरं की वाईट ते कळत नाही. पापणीला वाईट तेवढं कळतं. आणि तोंड स्वतःच्या मनानं चालतं. तिघांचं क्वचितच जमतं." घामाबद्दल त्या खरं तेच बोलल्या, कारण मधे बिस्किटांचं ताट आलं तेव्हा काटा निळ्या वर्तुळापेक्षा वर गेला.

साहेबांचा फोन आला, एका शब्दात सांगा म्हणून. बाईंनी तिघांचं गाऱ्हाणं सांगायला घेतलं, तर ते म्हणाले, "बाई, मला आकडा हवाय, कुटुंबाची कहाणी नको!" मग दुसऱ्या दिवशी बाईंनी चिमटा न देता निळं वर्तुळ इतक्या वेळा दाखवलं की घाम वाळला, पापणी झोपली, आणि जीभ शून्यावर होतीच. शिक्का मिळाला. साहेबांनी शिक्का तेवढा पाहिला आणि पाठ थोपटली.

काकांच्या तसबिरीला फूल वाहा. गुडघ्याला जप.

तुझाच,
वाल्देमार

ता. क. परतीच्या बसमध्ये दाखला नीट वाचला. मी निळ्या वर्तुळाला भीत नाही, एवढंच त्यात आहे. टिटव्याचा उल्लेख नाही.

ता. क. दुसरा. आज तुझ्या घराचं मीटर बारापर्यंत नोंदवायचं आहे, नाहीतर खिडकी. हे पत्र मी तुझ्या कोपऱ्यावरच्या बाकावर बसून लिहितोय. हात कोरडे आहेत, पापणी शांत आहे, जीभ म्हणते चल. पण पाय उठत नाहीत. मोन्तेविदेओत पायांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

ता. क. तिसरा. पत्र बेकरीवाली नीबिया घेऊन येतेय. ती फौजदाराच्या समोरून खुशाल जाते, तिला कुणी कधी मोजलं नाही. मावशी, पावणेबारा झालेत. एवढं वाचून झालं की कोपऱ्यावर ये आणि माझा हात धरून मला आत ने. लहान पोराला नेतात तसं नेलंस तरी चालेल, फक्त साहेबांना सांगू नकोस.