बिबट्या आणि माझा साडू

३ मार्च
साहेबांचा आदेश. अभयारण्याच्या गेटजवळच्या हॉलमध्ये बिबट्याचा एकच मोठा फोटो लागणार, खाली ज्याच्या कॅमेऱ्यात तो आला त्या वनरक्षकाचं नाव. म्हणजे माझंच. सतरा वर्षं हे जंगल पायाखाली घातलंय. शेजारच्या बीटवरचा, म्हणजे गस्तीच्या हद्दीवरचा, माझा साडू नोकरीत जेमतेम दोन वर्षांचा. आजपासून त्याच्याशी तुलना बंद.

७ मार्च
माझ्या बीटमध्ये झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात ससे चौदा, मुंगूस एक, मी नऊ वेळा. साडूच्या कॅमेऱ्यात बिबट्याचं शेपूट. नुसतं शेपूट, तरी बायकोने बहिणीला फोन करून अभिनंदन केलं. शेपूट काय, कुणालाही मिळतं, मी म्हटलं. ती म्हणाली, तुम्हाला कुठे मिळालं?

८ मार्च
मी जळत नाही. ॲसिडिटी आहे.

११ मार्च, पहाटे साडेपाच
साडूच्या पाणवठ्यावर जाऊन आलो. सहज पाहणी. त्याचा कॅमेरा चुकीच्या कोनात होता, म्हणजे बरोबर पाण्याकडे. अनुभवी माणसाने दुरुस्ती नाही करायची तर कुणी? मागच्या बांबूच्या बेटाकडे वळवला. कुणीही पाहिलं नाही.

१२ मार्च
पट्टा सैल राहिलाय असं वाटून परत गेलो. समोर उभं राहून नीट तपासला. लाल दिवा छान लुकलुकतो.

१५ मार्च
बांबूच्या बेटातून बाहेर येणारी बिबट्याची मादी, मागे दोन पिल्लं. साडूच्या कॅमेऱ्यात. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, ती मला लागली. खरं तर कोन माझा, म्हणजे फोटो माझा. उद्या साहेबांना सांगणार. कसं सांगायचं, तेवढंच सुचायचंय.

१६ मार्च
सुचलं नाही.

१७ मार्च
साडू घरी आला. बायको आत गेल्यावर हळूच म्हणाला, दादा, कार्डात तुमचे एकतीस फोटो होते, साहेबांना द्यायच्या आधी पुसले. वर म्हणाला, कोन तुमचा, तेव्हा पाटीवर तुमचंही नाव घालायला सांगितलंय. चहाने माझी जीभ पोळली. एवढं चांगलं वागायची काय गरज होती त्याला? भांडला असता तर मी जिंकलो असतो.

२२ मार्च
फोटो लागला. खाली दोन नावं. बायको कौतुकाने बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, पाहिलंत, भावोजींनी तुमचं नाव वर ठेवलंय.
उद्यापासून मी मागच्या फाटकाने कामावर जाणार.