माझ्याच नावापुढे तारा

२ सप्टेंबर

दिला एकदाचा राजीनामा! मालकांनी वाचला, घडी घातली आणि पेपरवेटखाली सरकवला. म्हणे, "विचार करा." म्हटलं, विचार करूनच टाइप केलाय. बाटल्यांची झाकणं करणाऱ्या कारखान्यात अकरा वर्षं दुसऱ्यांचे पगार काढले — पुरे झालं.

दवाखान्याच्या ऑफिसात जागा मिळालीय. घरापासून चालत दहा मिनिटं, चारला सुट्टी. पगार थोडा कमीच. पण बाबा न्हाणीघरात पडल्यापासून घरात माणूस हवंच, आणि ताई काही जन्मभर राहायला आलेली नाही. तिला दोन ऑक्टोबरला निघायचंय. मी तीनला दवाखान्यात हजर व्हायचं, जुन्या ठिकाणचं रिलीव्हिंग लेटर घेऊन. तिथल्या बाईंनी स्वच्छ सांगितलंय — पत्र नाही तर जागा नाही, यादीत पुढचं नाव तयार आहे.

४ सप्टेंबर

बाबांना सांगितलं. वॉकरला ते घोडा म्हणतात. "म्हणजे आता घोडा आणि तू, दोघं माझ्या दिमतीला." हसले खरे. मग म्हणाले, "मालक सोडतोय ना सरळ?"

न सोडायला काय झालं!

६ सप्टेंबर

पगाराचा तक्ता करायला बसले. आमच्याकडे राजीनामा दिलेल्याच्या नावापुढे तारा टाकतात. तारा म्हणजे पगार थांबवायचा, शेवटचा हिशेब होईपर्यंत. कारखान्यात तसं बोलतातही — अमक्याला तारा लागला.

या महिन्यात एकच नाव. माझं.

हात थांबला. ऑगस्टचा पगार आहे हा, राजीनाम्याच्या आधीचा, घाम गाळून कमावलेला! तेवढ्यात मालकांनी आतून हाक दिली, "तारा टाकलात ना? नियम सगळ्यांना सारखा. तुमचाच तर आहे."

टाकला.

खोटं नाही बोलले ते. सहा वर्षांपूर्वी एक ऑपरेटर नोटीस अर्धवट टाकून पळाला. मालक आरडाओरडा करत होते, तेव्हा मीच पुढे झाले. म्हटलं, राजीनामा आला की पगार थांबवत जाऊ, मग कोण पळतंय. कोणी विचारलं होतं मला? हात दाखवून अवलक्षण. तारा टाकायची युक्तीही माझीच. त्या वर्षी पगारवाढ चांगली मिळाली होती.

८ सप्टेंबर

बाबांचा व्यायाम करून घेणारी मुलगी आली होती. तिचे पैसे ताईनं दिले. "राहू दे, दे सावकाश," म्हणाली. पण पाकीट जरा जास्तच जोरात मिटलं.

११ सप्टेंबर

मालकांना विचारलं. मान वर न करता म्हणाले, "हिशेब पूर्ण झाला की सगळं एकदम मिळेल." शब्दन् शब्द माझा. सहा वर्षं खिडकीतून लोकांना हेच सांगत आले — वर जोडायची, "माझ्या हातात काय आहे हो?" आज माझ्या तोंडावर आलं तेव्हा कळलं, हे उत्तर नाहीच. दार लावल्याचा आवाज आहे नुसता.

पत्राचं विचारलं. "नवा माणूस मिळू दे." नव्या माणसासाठी जाहिरातसुद्धा दिलेली नाही. मला माहीत नसेल? जाहिरातीही मीच देते.

१५ सप्टेंबर

रविवार असून कारखान्यात गेले. वॉचमनला सांगितलं, तक्ते राहिलेत. जुन्या फायली काढल्या. सहा वर्षांत तारा लागलेली माणसं — एकोणीस. शेवटचा हिशेब होऊन पैसे मिळालेली — चार.

चार!

बाकीचे पंधरा दर महिन्याच्या तक्त्यात खाली सरकत गेले. वर्ष संपलं, नवी फाइल उघडली, त्यात त्यांची नावं आलीच नाहीत. नवी फाइल कोण उघडतं? मी. मालकांनी कधी "काढून टाका" म्हटलं नाही. मी कधी विचारलं नाही. बिनबोभाट चाललं होतं सगळं.

मला माहीत नव्हतं असं लिहिणार होते. इथे तरी कशाला?

१९ सप्टेंबर

त्या पंधरांतल्या एकाला भेटून आले. आमचा जुना फिटर, साच्यांचं काम करायचा. सोडून तीन वर्षं झाली. बाजारामागच्या गल्लीत पंप दुरुस्त करतो. मला बघून उठला, स्टूल पुसून दिलं.

म्हटलं, मामा, तुम्हाला शेवटचे पैसे मिळाले होते का? मला माहीत असून विचारलं. त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"कुठले, बाई? चार महिने हेलपाटे घातले. तुम्ही लई चांगल्या बोलायचात. पाणी विचारायचात. मग त्या पाण्याचीच लाज वाटायला लागली, म्हणून यायचं सोडलं."

रागावला असता तर बरं झालं असतं.

"तुम्हालाही लागला का तारा?" त्यानंच विचारलं. हो म्हटलं. हसला नाही. "बघा, म्हणजे मालक तरी सगळ्यांना सारखाच," म्हणाला आणि पंपाचा नट सोडवायला लागला. मी निघताना म्हणाला, "एवढ्या वर्षांनी तुम्ही विचारायला आलात. मीच गप बसलो म्हणायचं."

२४ सप्टेंबर

ताईनं बॅग भरून दाराशी ठेवलीय. आठ दिवस आधी! बोलत काही नाही. बॅगच बोलतेय.

२७ सप्टेंबर

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. टेबलावर दोन कागद. एक माझं पत्र, सहीशिक्क्यासकट तयार. दुसऱ्यावर पंधरा नावं आणि वर मजकूर: या सर्वांना त्यांची रक्कम माझ्या हस्ते रोख मिळाली. तारखा मागच्या. खाली माझं नाव आणि सहीला जागा.

म्हणजे वॉचमननं सांगितलं.

"जाताना फाइल नीट करून जायची, बाई. इकडे सही झाली की तिकडे तुमचे दोन्ही महिने जमा."

म्हटलं, उद्या सांगते. "सांगा की," म्हणाले. "तीन तारखेला अवकाश आहे अजून." तारीख त्यांना कोणी सांगितली?

२८ सप्टेंबर

ताईला सगळं सांगितलं. ऐकून म्हणाली, "त्या पंधरा जणांनी आपल्या बाबांना उचलून बसवलंय का कधी? कर सही आणि मोकळी हो." मग बराच वेळ भांडी घासत राहिली. घासलेलीच परत घासली.

बाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सही करता आली नसती.

३० सप्टेंबर

सही केली. दुपारपर्यंत पैसे जमा झाले. पत्र पर्समध्ये आहे.

३ ऑक्टोबर

पहिला दिवस. चारला सुटले, सव्वाचारला घरी. बाबा खिडकीत घोडा धरून उभे होते. "वेळेवर आलीस!" किती खूश झाले! मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. सुटले म्हणावं तर तसं काहीच वाटत नाहीये. उलट आता तर राजीनामाही देता येणार नाही, अशा ठिकाणी नोकरीला लागल्यासारखं झालंय.

१५ नोव्हेंबर

कामगार कार्यालयातून पत्र. फिटरनं तक्रार केलीय. आणखी सहा जण बरोबर आहेत. मालकांनी उत्तरात माझ्या सहीचा कागद जोडलाय. मला साक्षीला बोलावलंय, एकवीसला.

१८ नोव्हेंबर

मालकांचा फोन. आवाजात नुसतं लोणी. "एकच प्रश्न विचारतील, बाई. सही तुमची का? हो म्हणायचं, घरी जायचं. नाहीतर खोटा कागद केला म्हणून तुम्हीच अडकाल. आणि तुमच्या दवाखान्याचे ट्रस्टी माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत."

आज मात्र बाबांना सगळं सांगितलं. पहिल्यापासून. नियम कोणाचा तेही. म्हणाले, "मला धरून उठवायला-बसवायला तू हवीसच. पण माझं नाव सांगून खोटं बोलू नकोस."

२१ नोव्हेंबर

विचारलं, सही तुमची का? म्हटलं, हो, माझी. झालं, जा म्हणाले. उठले नाही. म्हटलं, सही माझी आहे, वरचा मजकूर खोटा आहे, आणि तारा टाकायचा नियमही माझाच. पहिल्यापासून लिहून घ्या.