कणग्यात बसून ऐकलेलं बोलणं

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की साजगावात तुमची आठवण काढणारं आता कोणी उरलं नाही. अक्षर वाकडंतिकडं हाय, दोन इयत्तांत आलं तेवढंच. पण आज मी खूश आहे, आणि खूश असले की मला बोलायला माणूस लागतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

माझी नात पुण्याला कॉलेजात शिकते. म्हणजे सगळ्यात मोठी शाळा. माझा लेक कर्जतला रेल्वेत लागला, आम्ही भिसेगावात राहतो, पास मिळतो, म्हणून तिला पाठवता आलं. या दिवाळीत तिच्याबरोबर दोन मैत्रिणी आल्या, एक उंच आणि एक चष्मेवाली. चष्मेवाली एका बैठकीला सात चकल्या खाते, अंगाला मात्र काही लागत नाही. तिघींचा विषय एकच, तत्त्वज्ञान. मी ओटीवर पोहे पाखडत होते. विचारलं, बायांनो, हे कशापायी शिकता? चष्मेवाली म्हणाली, दुसऱ्या विषयाला जागाच उरली नव्हती. मला ते आवडलं, खरं बोलली. उंच मुलीच्या घरी केस काढलेली विधवा आत्या आहे. आत्याचं काय चुकलं, हे ती लहानपणापासून विचारत आली, कोणी सांगेना, म्हणून हा विषय घेतला. दोन वर्षं झाली, उत्तर काही मिळालं नाही म्हणे, पण प्रश्न बरोबर होता एवढं कळलं.

माझी नात पोह्यांतलं तूस वेचत होती. रविवारी तिला पाहायला शिळफाट्याची माणसं यायची होती. जमलं तर माघात लग्न, आणि तिची शेवटची परीक्षा फाल्गुनात. लेकानं बजावलं होतं, बोलावल्याशिवाय तिनं माजघरातून बाहेर यायचं नाही, आणि मी तिच्याजवळ बसायचं. मग ती म्हणाली, "आजी, त्या वर्गात प्रश्न विचारला की कोणी गप्प बस म्हणत नाही. म्हणून घेतला."

आबा, माझ्या हातातलं सूप थांबलं. मग मी त्यांना कणग्याची गोष्ट सांगितली.

साजगावात दसरा झालाय. नवं भात यायच्या आधी भात साठवायच्या जुन्या कणग्याचा तळ झाडायचा, आणि त्यासाठी घरातलं सगळ्यात बारीक पोर वरून आत सोडायचं. ते पोर मी. तुम्ही मला काखेत धरून आत उतरवता, केरसुणी देता, टोपली देता. तेवढ्यात पाहुणे येतात. तुसानं माखलेली, परकर वर खोचलेली पोर त्यांच्यापुढं कशी काढायची? तुम्ही कणग्यावर दोन टिचक्या मारता, म्हणजे गप्प राहा. आणि मग गूळपाणी, पानसुपारी, आणि माझं लग्न. सगळं शेणामातीच्या त्या भिंतीपलीकडं, हातभर अंतरावर. आत घाम, अंगभर खाज, आलेली शिंक मी परकरात दाबते. बाहेर एका मुलीला शाळेतून काढतायत, तिला देऊन टाकतायत. ती मुलगी बाहेर आहे, तर मग आत बसलीय ती कोण? संध्याकाळी मी तुम्हाला हेच विचारलं. तुम्ही म्हणालात, "पोरीच्या जातीनं असलं इचारू नाय गं. सासरी चालायचं नाय." खरंच नाही चाललं. मीही पन्नास वर्षं काही विचारलं नाही. सासरी पेटी उघडली तर लुगड्यांच्या मधे माझी पाटी. तुम्हीच ठेवलीत, दुसरं कोण ठेवणार? मला राग आला होता. शाळा काढून घेतलीत आणि पाटी दिलीत.

रविवारी पाहुणे आले. लेकानं माजघराचं दार ओढून घेतलं. आत काळोख. बाहेर माझा लेक सांगतोय, मुलगी शांत आहे, उलट बोलत नाही. नात पदराचं टोक पिळत बसलीय. मी उठले, दार उघडलं, तिचा हात धरून तिला ओटीवर मधोमध बसवलं.

"जिचं बोलताव तिच्यासमोर बोला. पोर हितंच बसंल."

"आये, आत जा. तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुझ्यापरीस जास्त. मी कणग्यात बसून ऐकलेलं हाय."

पाहुण्यांना काही उमगलं नाही, ते बरंच झालं. मुलाचा बाप हसला आणि नातीलाच म्हणाला, काय गं पोरी, तुझं काय म्हणणं? ती म्हणाली, आधी परीक्षा, मग तुमच्या मुलालाही दोन प्रश्न विचारीन. ते पोहे खाऊन उठले ते पुन्हा आले नाहीत. लेक दोन दिवस धुसफुसत राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं पुण्याचा पास नातीच्या हातात ठेवला, आणि आज सकाळी तिघी गेल्या. घर कसं मोठं मोठं वाटतंय.

हा कागद कुठं धाडायचा? तुम्ही दिलेली पाटी अजून आहे, तिच्याखाली ठेवीन. पण एक सांगायचं राहिलं. स्टेशनावर त्या उंच मुलीनं विचारलं, आजी, तुम्ही त्या दिवशी कणग्यातून हाक का नाही मारली? मी म्हटलं, बापाचा धाक. ते खोटं, आबा. टोपली पालथी घालून मी वर येऊ शकले असते, आधी कितीदा आले होते. पण तुम्ही पाहुण्यांना सांगत होतात, लेक हुशार हाय माझी, घरातल्या सगळ्यांची नावं पाटीवर लिवते. तुमच्या तोंडून माझं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकत होते. आणखी थोडं ऐकावं म्हणून गप्प बसले.