शेवटचं रीळ

४ नोव्हें. २०१४, वाल्डॉर्फ, जर्मनी
आजही तेच. रुचा आणि निखिलराव स्वयंपाकघरात हळू आवाजात भांडत होते. हळू आवाजातलं जास्त ऐकू येतं. जावयाने पुण्याची नोकरी घेतलीय, जानेवारीत सगळ्यांनी जायचं म्हणतात. लेकीला इथे स्वतःची टीम मिळतेय. सोमवारी, १७ला, तिने कंपनीला उत्तर द्यायचंय.
आर्याला विचारलं, पुण्याला जायचं का गं? "वाइस निष्ट, आजी." सात वर्षांची नात. माहीत नाही, तेही जर्मनमध्ये.

५ नोव्हें.
रुचा कोबी चिरत होती. "आई, तू माझ्या जागी असतीस तर?"
मी बोर्डिंगमध्ये पाहिलेल्या त्या सिनेमाची गोष्ट काढली. मुलगी बॅग घेऊन स्टेशनवर जाते, गाडी येते, आणि ती परत फिरते. दारात बॅग खाली ठेवते. बाप नुसती खुर्ची पुढे सरकवतो.
"दहावीपासून ऐकतेय," म्हणाली. कोबी नको इतका बारीक झाला.
मीही तेच केलं होतं. फिल्म एडिटिंगच्या कोर्सला निवड झाल्याचं पत्र वडिलांना दाखवलंच नाही. ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी... असो.

८ नोव्हें.
खालच्या मजल्यावरच्या फ्राउ लिंडनरनी पत्रक आणून दिलं. हायडेलबर्गच्या एका लहान थिएटरात दिग्दर्शक के.चे जुने सिनेमे. आमचा के.! बोर्डिंगमध्ये शनिवारी दुपारी सिस्टर ॲग्नेस हॉलचे पडदे ओढून स्वतः प्रोजेक्टर चालवायची. वर्षाला चार-पाच सिनेमे तरी त्याचेच. त्याने काढलेही तेवढे. पत्रकात लिहिलंय, तरुणपणी इथूनच हॉलिवूडला गेला, तिकडे नाव बदललं, आयुष्यभर एकाच स्टुडिओचा पगारी नोकर. स्टुडिओने सांगितलं की गाण्यांचा सिनेमा, सांगितलं की घोड्यांचा, सांगितलं की रडका.
यादीत माझाही आहे. बॅगेचा.

११ नोव्हें.
पाहिला. दुपारचा खेळ, फ्राउ लिंडनर सोबत.
बॅग खाली ठेवली. खुर्ची सरकली. माझे डोळे भरले, मी पर्स उचलून उठले. फ्राउ लिंडनरनी बाही धरली. "बसा हो, अजून आहे."
अजून होतं. सकाळ होते. ती बापासाठी कॉफी करते आणि बॅग पुन्हा उचलते. बापच ती घेऊन गाडीपर्यंत सोडायला येतो. मग 'दी एंड'.
ही अक्षरं आम्ही बोर्डिंगमध्ये कधी पाहिलीच नव्हती. त्याआधीच सिस्टर दिवे लावायची, आम्ही उभ्या राहून प्रार्थना म्हणायचो. वाटायचं, सिनेमे असेच संपतात. शेवटचं रीळ डब्यातच राहत होतं.
त्रेचाळीस वर्षं.

१३ नोव्हें.
फ्राउ लिंडनरना विचारलं, त्या के.ला स्वतःला काय म्हणायचं होतं? "गेनाऊ, अगदी हाच तर प्रश्न." म्हणे त्याने दोन शेवट चित्रित केले होते. लावायचा कुठला, हे स्टुडिओ ठरवी. त्याला विचारत नसत. शुक्रवारी हा सिनेमा संपला, सोमवारी तो दुसऱ्या सेटवर, घोड्यांत. म्हातारपणी त्याला ह्यातला फक्त स्टेशनवरचा कुत्रा आठवत होता.
आणि मी त्यावर जन्म काढला.
सिस्टरवर रागावता येत नाही. गोवर आला तेव्हा तीच उशाशी बसून असायची. आणि पत्र तर मीच लपवलं.

१५ नोव्हें.
इस्त्री करता करता रुचा म्हणाली, "नाही म्हणून कळवतेय. ठेवली बॅग खाली. झालं तुझ्या मनासारखं?"
सिनेमाचा खरा शेवट सांगायला तोंड उघडलं. आर्या मोजा शोधत आली, आणि मला बरंच वाटलं. भित्री.
सांगितलं तर जावई म्हणणार, सासूबाईंनी संसारात काडी टाकली. नाही सांगितलं, तर सिस्टर ॲग्नेस मीच.

१६ नोव्हें., रविवार
तोच सिनेमा आज साडेतीनला पुन्हा आहे. फ्राउ लिंडनरकडून दोन तिकिटं मागवली. निखिलरावांना म्हटलं, आर्याला सांभाळा.
"अहो आई, आजच? उद्या तिला मेल पाठवायचीय."
"म्हणूनच आज."
रुचा सोफ्यावरून उठेना. "मला पाठ आहे गं तो."
"शेवटपर्यंत नाहीये."
ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी खोटं पकडल्यावर मी तिच्याकडे बघायचे, तशी.
बस दोन चाळीसची. ती बूट घालतेय. हे दाराशी उभ्यानेच लिहितेय.