हाताने आणायच्या वस्तू

६ ऑक्टोबर

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि पन्नाशी उलटली असली तरी एक टपली.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर बोलायला हल्ली जड जातं म्हणून लिहितो आहे. जिभेच्या कडेला जी पुटकुळी उन्हाळ्यापासून मुक्काम ठोकून होती, ती पुटकुळी नसून गाठ आहे, आणि गाठ चांगल्या घरची नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. पुढच्या महिन्याच्या अखेरीला ऑपरेशन. निम्मी जीभ जाणार. जिभेला हाड नसतं, तेव्हा तुम्हाला कापायला सोपं, असं मी त्यांना म्हटलं. ते हसले नाहीत. जन्मभर शिलाई मशीनपेक्षा जीभ जास्त चालवली, त्याचं हे फळ, असं तुझ्या वहिनीचं निदान आहे.

नंतर बरेच दिवस नाकातल्या नळीने जेवायचं. पुढे तोंडाने खाता येईलही, पण चव कळेल का, असं विचारलं तेव्हा डॉक्टर मान खाली घालून कागद चाळत बसले. मी शिंपी माणूस. गिऱ्हाईक नवा कोट घालून आरशापुढे उभं राहिलं आणि शिंप्याने मान खाली घातली, की काय समजायचं ते मला समजतं.

तर मुद्दा असा, की त्याआधी दोन दिवस ये. तुझ्या त्या दुकानातल्या मधाच्या, चीजच्या, ऑलिव्हच्या गोष्टी मी इतकी वर्षं ऐकतो आहे आणि आमच्या गावात किराणा म्हणजे साबण, साखर आणि मऊ पडलेली बिस्किटं. येताना पिशवी भरून आण. आपण तिघं टेबलाशी बसू, डबे फोडू आणि दुपारभर खाऊ. एवढंच मागणं आहे. जिभेचे चोचले पुरवायला इतकं चांगलं निमित्त पुन्हा मिळायचं नाही.

वहिनी बरी आहे. रडते, पण मी खोलीत नसताना. तुझी माया आहे ती अशीच राहू दे.

तुझा
दादा


१४ ऑक्टोबर

ती. दादास,
बारकीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र कामावर, तळघरात खोक्यांच्या आड बसून वाचलं. हाताखालच्या बायकांनी विचारलं, डोळ्यांत काय गेलं. पुठ्ठ्याची धूळ म्हणून सांगितलं. त्यांनीही ऐकून घेतलं, कारण धूळ खरंच फार आहे.

दादा, वर्षअखेरीच्या भेटवस्तूंचा हंगाम सुरू झाला आहे. पॅकिंगचं सगळं खातं माझ्या अंगावर. मालकांकडे रजेचं बोलले. ते म्हणाले, रजा एकदाच मिळेल, केव्हा ते तू ठरव. मी ठरवलं, ऑपरेशननंतर. वहिनी एकट्या किती जागतील? तेव्हा येते आणि चांगली लांबलचक राहते. आत्ता दोन दिवस येऊन, खाऊन-पिऊन जायला मी काय पाहुणी आहे?

पण म्हणून तुझ्या जिभेला उपाशी ठेवणार नाही. या खोक्यात आमच्या गिऱ्हाइकांच्या अगदी आवडीच्या वस्तू आहेत. रानफुलांचा काळपट मध एक निवृत्त न्यायाधीश नेतात. दुसऱ्या कुठल्या मधाचं नाव काढलं तर तुरुंगात टाकतील असं बघतात. कडू चॉकलेट दातांच्या डॉक्टरांचं. ते पिशवी कोटाच्या आत लपवून जातात. बियांसकट ऑलिव्ह एक गाणं शिकवणाऱ्या बाई घेतात आणि दुकानाच्या पायरीवरच खायला लागतात. कॉफीच्या बिया मालकांनी स्वतःहून घातल्या, तुझं कळलं म्हणून.

बरण्या कागदाच्या कातरणात उभ्या बसवल्या आहेत. मी बरणी कधी आडवी ठेवत नाही. खोका जिन्यावरून गडगडत गेला तरी आतल्या मधाला पत्ता लागायचा नाही. पोचल्याचं कळव आणि पोटभर खा.

तुझ्या आशीर्वादाच्या जोरावर असलेली,
बारकी


२३ ऑक्टोबर

चि. बारकीस,
आशीर्वाद, आणि शाबासकी.

पोस्टमन खोका उलटा धरून आला होता. मी म्हटलं, गेला मध. उघडून बघतो तर बरणीचं झाकणसुद्धा कोरडं. तुझ्यापुढे हात टेकले. गावातली निम्मी माणसं खोका बघून गेली. मध रोज चमचाभर खातो. ऑलिव्ह तुझ्या वहिनीला खारट लागले, पण बिया तिने कुंडीत पुरल्या आहेत. तिची आशा दांडगी आहे.

तू पाहुणी नाहीस हे मान्य. पाहुणी असतीस तर आली असतीस.

आता एक मागतो. तुमच्याकडे ते मऊ चीज असतं ना, सुरी लावली की ताटलीभर पसरतं म्हणतेस ते. ते पार्सलने जात नाही, माणसाने मांडीवर घेऊनच न्यावं लागतं, असं एकदा तूच म्हणाली होतीस. आणि पिकलेली अंजिरं. तीही म्हणे नुसत्या नजरेने फुटतात. बघ बुवा, कसं जमतं ते. गुरुवारची गाडी रिकामी असते, असं आपलं कळवून ठेवतो.

आठवण काढतेस तशी काढत जा.

दादा


३१ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जमवलं! चीज जात नाही असं मी म्हणाले होते हे खरं, पण तेव्हा मी नवी होते. आता आमच्याकडे गार जेलच्या थैल्या आल्या आहेत. चीज लाकडी डबीत, डबी दोन थैल्यांच्या मध्ये, त्यावर थर्माकोल. अंजिरांसाठी अंड्यांचे ट्रे आणले आणि एकेकाला त्याच्या खळग्यात कागदाच्या दुलईवर निजवलं. मालक खाली येऊन बघून गेले. म्हणाले, ही पद्धत आपण गिऱ्हाइकांनाही देऊ. म्हणजे तुझ्या हट्टामुळे दुकानाचा फायदाच झाला!

दादा, तू अवघड अवघड मागत जा. मला दिवसभर हुरूप राहतो. नाहीतर मनात भलतंसलतं येतं. रजा अगदी जपून ठेवली आहे, त्यातला एक दिवसही कोणाला दिला नाही.

वहिनींना नमस्कार. चीज खाण्याआधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवा म्हणावं.

तुमच्या दोघांच्या काळजीत आणि लोभात,
बारकी


७ नोव्हेंबर

चि. बारकीस,
आशीर्वाद.

चीज पोचलं. अंजिरं पोचली, एकही फुटलं नाही. मी सगळी उलटीपालटी करून बघितली, एखादं तरी फुटलेलं सापडेल म्हणून. तू धन्य आहेस.

आता एका बाजूनेच चावतो. डॉक्टर तारीख थोडी अलीकडे आणू म्हणतात. उरलेल्या दिवसांत एकच इच्छा आहे. तुमच्या दुकानामागे भट्टी आहे, तिच्यातून निघालेला पाव. दाबला की कुरकुरतो आणि तोडला की वाफ येते, तो. गरम हवा. शिळा पाव इथे भरपूर मिळतो. ही गोष्ट काही खोक्यात बसायची नाही, तेव्हा तूच काय ते ठरव. पहाटेच्या गाडीला छातीशी धरून बसलीस तर दुपारपर्यंत थोडीफार ऊब राहील. तेवढी मला चालेल.

वहिनी तुझी खोली झाडून घेते आहे. मी तिला सांगितलेलं नाही, तिचं तिनेच घेतलं मनावर.

वाट बघणारा,
दादा


१२ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू मला हरवायचंच ठरवलेलं दिसतंय! दोन दिवस डोकं खाजवलं. भट्टीवाल्याकडे गेले, त्याला तुझी सगळी कथा सांगितली. त्यानेच तोड काढली. पाव अर्धे भाजायचे, गार करायचे आणि पाठवायचे. वहिनींनी घरी ओव्हन चांगला तापवून, वर पाण्याचा हबका मारून रंग येईपर्यंत ठेवायचे. मग तुझ्या टेबलावर अगदी ताजा, वाफाळता पाव. गाडीतून कोमट होऊन आलेल्या पावापेक्षा कितीतरी चांगला. खोका पत्रामागून येतो आहे, त्यात लोणीही आहे, मिठाच्या खड्यांचं.

आता खोली झाडून ठेवलीच आहे तर तशीच राहू दे. या महिन्याच्या अखेरीला मी तिथे असणारच. तारीख नक्की झाली की लगेच कळव. तुझं हे लाडावलेपण मला फार आवडतं आहे, लहानपणी कधी दाखवलं नाहीस.

तुझ्या पंखाखालची,
बारकी


१७ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

सोमवारी दुपारी यांच्या तोंडातून रक्त यायला लागलं. थांबेना. मंगळवारी सकाळीच ऑपरेशन झालं. जिवाला धोका नाही, आधी हे लिहिते. तुम्हाला फोन करायला निघाले होते, तर यांनी हात धरून बसवलं. हंगामाचे दिवस आहेत, ती घाबरून धावत सुटेल, असं खुणेने सांगितलं.

जीभ ठरली होती त्याहून जास्त काढावी लागली. चव परत येणार नाही, असं डॉक्टरांनी आता स्पष्टच सांगितलं आहे.

तुमचे पाव बुधवारी आले. मी तुमच्या सांगण्याप्रमाणे भाजले आणि वॉर्डातल्या नर्सबाईंना वाटले. त्या म्हणाल्या, फार सुरेख आहेत.

वन्सं, रागाने लिहीत नाही. तुम्ही किती जीव लावून खोके भरत होता ते मला दिसत होतं. पण ते तुमच्यासाठी मागत होते, वस्तूंसाठी नाही. मला विचारत बसायचे, की वाटेत काय टिकत नाही? चीज मी सुचवलं. पाव त्यांना सुचला, आणि त्या दिवशी ते फार खुशीत होते, म्हणाले, आता कशी येत नाही बघू. तुमचं पत्र खोक्याच्या आधी, सोमवारी सकाळी आलं, तेव्हा मोठ्याने हसले. मग दुकानात जाऊन कुणाच्या तरी विजारीची दुमड घालत बसले. मी तेव्हाच तुम्हाला सरळ लिहायला हवं होतं. मूग गिळून बसले, ही माझी चूक. भावंडांच्या मध्ये कशाला पडा, असं वाटलं.

आता या. जमेल तसं लवकर या.

तुमची
वहिनी


१० डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. रजा संपली, कामावर रुजू झाले. माझं येणं म्हणजे वरातीमागून घोडं झालं, हे तुझ्यापाशी आणि वहिनींपाशी बोलून झालं आहे. तू प्रत्येक वेळी हात हलवून तो विषय बाजूला सारलास. पण तो बाजूला जात नाही, दादा. खोका बांधताना हात थांबतात. तू काय मागतो आहेस हे एखाद्या परक्या बाईलाही कळलं असतं. मला नाही कळलं, कारण माझ्यापुढे कुणी वस्तू ठेवली, की ती कशी पोचवायची एवढंच मला दिसतं.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी वॉर्डात मी पिशवीतून मधाची बरणी काढली आणि मग माझ्याच लक्षात आलं आणि लपवायला लागले. तू काळ्या कापडाच्या तुकड्यावर तुझ्या शिंपीखडूने लिहिलंस, तू खा, कसं लागतं सांग. मी चमचाभर खाल्ला आणि गोड आहे म्हणाले. तू भुवया उडवल्यास. पुढे काहीतरी सांग म्हणून खुणावत राहिलास, आणि मी रडायला लागले. तुला वाटलं, तुझ्यासाठी रडते आहे.

तसंही होतं. पण मला सांगताच येईना, दादा. तो मध मी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ला. चीज, ते ऑलिव्ह, यातलं काहीच मी कधी चाखलेलं नाही. तळघरात खायला मनाई, आणि वर गिऱ्हाइकांसाठी बशीत तुकडे ठेवलेले असतात ते आपल्यासाठी नाहीत, असं मी धरून चालले. कुठल्या बरणीची काच पातळ, कुठलं झाकण सैल, ते झोपेतही सांगेन. न्यायाधीश तोच मध का नेतात, ते मला ठाऊक नाही.

तू तरी खाल्लास. रोज चमचाभर खात होतास. तुला बोलायची, वर्णन करायची केवढी हौस. तेव्हा एवढं कर, तो तुझ्या जिभेवर कसा लागायचा ते मला लिहून पाठव. चीजचंही लिही. तुझ्याकडची ती चव निदान कागदावर तरी राहील, आणि मला वाटेल की मी पाठवलं त्याचं काहीतरी झालं.

वहिनींना नमस्कार. तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
बारकी


१८ डिसेंबर

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

नळी काढली. पातळ सूप तोंडाने घेतो. ओल्या कापडासारखं लागतं, पण नळीपेक्षा बरं. बोलणं वहिनीला निम्मं कळतं. ती म्हणते, पूर्वीही तेवढंच कळत होतं. दुकान दुपारपर्यंत उघडतो. गिऱ्हाईक आपणहून सगळं बोलतं आणि मी मान डोलावतो, धंदा पूर्वीपेक्षा बरा चालला आहे.

तू मधाची चव विचारलीस. पत्र आल्यापासून रोज आठवून बघतो आहे. चमचा आठवतो. बरणी खिडकीत होती, तिच्यातून ऊन पडायचं, ते आठवतं. चीज सुरीला चिकटून बसलं आणि वहिनीने सुरी गरम पाण्यात बुडवली, तेही आठवतं. चव आठवत नाही. सगळं तोंडात होतं, मी छान आहे छान आहे म्हणतही होतो, पण आठवत नाही.

का ते सांगतो, म्हणजे तू उगाच ऑपरेशनला दोष देणार नाहीस. खोका दारात आला, की आधी एवढंच कळायचं की तू आली नाहीस. मग तो उघडायचा, टेबल मांडायचं आणि फाटकाकडे कान ठेवून खायचं. मनात यायचं, खोका पुढे पाठवून मागून येत असेल, थट्टा करायची सवय आहे तिला. असं खाल्लेलं जिभेवर थांबत नाही, बारके. थांबलं असतं तर आज तुला सगळं लिहून दिलं असतं.

दोन पानं खोटी लिहिता आली असती. मला शब्दांची कधी कमी नव्हती आणि तुला बरं वाटलं असतं. बसलोही होतो लिहायला. पण जी चव मला मिळाली नाही, ती मिळाली असं तुला सांगायचं अगदी जिवावर आलं. मला राग नाही. वाईट मात्र वाटतं, आणि ते तुझ्यापासून लपवत नाही.

लोभ आहे, तो असाच राहील. तुझाही असू दे, पण आता तो खोक्यात घालून पाठवू नकोस.

तुझा
दादा