घेवड्याच्या बरण्या

२ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बायकोचं तेरावं उरकून तुम्ही परत गेलात आणि घर एकदम मोठं झालं. तिने लावलेला घेवडा मात्र थांबायचं नाव घेत नाही. शेजारीपाजारी वाटूनही उरला. वाया घालवायला हात होईना. शेवटी तिच्यासारखाच मिठाच्या पाण्यात काचेच्या बरण्यांत भरला, झाकणं घट्ट लावली आणि बरण्या मोठ्या पातेल्यात उकळल्या. ती टोमॅटोचं करायची तसंच. निवल्यावर झाकणांवर चमचा वाजवून पाहिला. सगळ्या खणखणीत वाजल्या. तिला हसू आलं असतं.

दाजींना नमस्कार.
तुझा धाकटा

९ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. आ.

चहासुद्धा उतू घालवणारा तू, आणि बरण्या भरल्यास! दाजींना खरंच वाटेना. पण एक सांगते, रागावू नकोस. टोमॅटो आंबट, त्याला नुसतं उकळणं पुरतं. घेवड्याला पुरत नाही. घेवडा ती दाबाच्या मोठ्या कुकरात करायची, तू पाहिलं नसशील. त्यातलं विष ना वासाला कळतं ना चवीला, आणि एका घासात माणूस जातं. झाकणं फुगली असतील तर न उघडता सगळ्या बरण्या खोल पुरून टाक.

जेवतोस ना वेळेवर? तेवढं कळव, म्हणजे मला झोप लागेल.
तुझी ताई

१९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

झाकणं फुगली होती. कोठीच्या खोलीतून अधूनमधून टक असा आवाज यायचा. तू म्हणालीस तशा सगळ्या पुरल्या. एक ठेवली आहे. खाणार नाही, तुझी शपथ.

ऑफिसला निघताना तिच्या झाकणावर बोट ठेवून दाबतो. ते खाली जातं आणि बोट उचललं की वर येतं. आतून कुणी बोट लावावं तसं. हळू दाबलं तर हळू, जोरात दाबलं तर पटकन. काल मी दाबायच्या आधीच ते हललं. या घरात मला उत्तर देणारं दुसरं काही नाही.

दाजींना सांगू नकोस, हसतील.
तुझा धाकटा

२४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. आ.

सांगितलं, आणि ते हसले नाहीत. अरे, त्या बरणीत नासलेली भाजी आहे आणि कोंडलेली हवा आहे. तिचे डोळे मी माझ्या हाताने मिटले. ती तिथे नाही. रविवारी मी येते. तोवर कोठीला कुलूप घाल आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे दे. लहानपणी ऐकायचास तसं एवढं एक ऐक.

तुझी ताई

२८ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. किल्ली देणारच होतो. पण आज सकाळी दाबलं तर झाकण वर आलंच नाही. बोट उचलून बराच वेळ उभा राहिलो. आत जाऊन आलो, पुन्हा पाहिलं. खालीच. मग चमचा आणून वाजवला. खणखणीत वाजली.

ताई, म्हणजे ही बरणी चांगली आहे. ती अशीच ओळखायची. उघडून पाहिली, वासही स्वच्छ आहे. रविवारपर्यंत थांबलो असतो, पण उघडलेली बरणी तिने कधी दुसऱ्या दिवसावर टाकली नाही. ताट वाढून घेतलं आहे. एवढं पत्र पेटीत टाकून येतो आणि बसतो.

वेळेवर जेवतो, काळजी नसावी. तू सावकाश ये. माया आहे तशीच राहू दे.

तुझा धाकटा